सोमारीबाईने ओतलेली दांडी

आधी नाव सांगतो: सोमारीबाई. माझी नोकरी तिने वाचवली. कशी वाचवली, ते मागाहून.

आष्टीला नदी ओलांडून आलापल्लीच्या रस्त्याला लागलं की सागाच्या रानात डाव्या हाताला एक नाला येतो. नाल्यापलीकडे आठ घरांचा टोला, म्हणजे वस्ती. त्यातल्या शेवटच्या घरापुढे वारुळाच्या मातीचा ढीग, भाताच्या तुसाची पोती आणि जमिनीत खणलेली हातभर खोल भट्टी दिसली की ते सोमारीबाईचं घर समजावं. ती आणि तिचा नवरा पोचाभाऊ पितळ ओतायचे. गुरांच्या गळ्यातल्या घंटा, दिवे, देवाचे घोडे. पोचाभाऊ भाता ओढायचा आणि बोलायचा नाही. त्याच्या वाट्याचं बोलणंही सोमारीबाईच करायची. मध्येच त्याच्याकडे बघून "काऊन, खरं नाई का?" असं विचारायची आणि तो मान हलवायच्या आत पुढे जायची.

बाई उंचीला माझ्या खांद्याएवढी. हात मात्र पुरुषाचे, कोपरापर्यंत ठिणग्यांच्या पांढऱ्या खुणा. वय विचारलं तर म्हणायची, "मोठ्या आगीच्या साली मी चालत होती." मोठी आग कुठली आणि कधीची, हे टोल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिच्या हातात कायम मेणाचा गोळा असे. आमच्याकडची माणसं बोलताना तंबाखू मळतात, तशी ही बोलताना पोळ्याचं मेण मळायची. डाव्या मनगटावर लांब दोरा वळायची आणि बोलता बोलता त्या दोऱ्याचं काहीतरी करायची. एकदा मी घरची हकिकत सांगत होतो. सांगून झाल्यावर तिने हातातली वस्तू मला दाखवली. माझंच तोंड होतं! कपाळावरच्या आठ्यांसकट. मी "द्या ना मला" म्हणेपर्यंत तिने ते दाबून परत गोळा केला.

"असा चेहरा ठेवून काय करशीन गा? रोज तोच तर घेऊन फिरते."

तिचं काम असं चाले. आधी मातीचा गाभा. त्यावर मेणाचे दोरे बसवून वस्तूचं रूप करायचं, अगदी शेवटच्या रेघेपर्यंत. मग वरून वारुळाच्या मऊ मातीचं लिंपण. आगीत घातलं की मेण वितळून निघून जातं, आत तेवढी पोकळी राहते, त्या पोकळीत पितळ ओतायचं. थंड झाल्यावर वरची माती फोडायची. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू निघते. दुसरी हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून. अहेरीच्या बाजारात एका व्यापाऱ्याने तिला एकसारखे बारा दिवे सांगितले होते. तिने बारा नेले. व्यापारी ते ओळीने मांडून बघतो तर एकाचं तोंड रुंद, एकाचा पाय वाकडा, एकाच्या पाठीवर मोर आणि दुसऱ्याच्या पाठीवर नुसतीच चिमणी.

"बाई, मी सारखे सांगितले होते."

"एका मायचे बारा पोट्टे एका तोंडाचे रायते का?"

"मी दिवे मागितले, पोट्टे नाही."

"मंग टिनाचे घे," म्हणाली आणि बाराही दिवे टोपलीत परत भरले. व्यापारी तिच्यामागे चार दुकानं चालत आला आणि शेवटी बाराही घेतले. मोराचा त्याने घरी ठेवला म्हणतात.

आता माझं. मी सातारा जिल्ह्यातला. पाचवीत गणितात दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा वर्गात बसण्याऐवजी मामाच्या शेजारी मोटारीत बसलो. मामाने गाडी शिकवली. मग ओळखीच्या ओळखीने चांद्याच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. त्यांचा लाकडाचा डेपो आलापल्लीला. वय एकवीस. घर तीन दिवसांच्या वाटेवर. आईचं पत्र शेजारच्या मुलीच्या अक्षरात यायचं आणि प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: "नोकरी नीट कर, परत आलास तर इथे तुला काही नाही." आई तिच्या मते खरं तेच सांगत होती, पण ती ओळ वाचली की त्या दिवशी मी हँडब्रेक तीन-तीनदा तपासायचो.

मालक वाईट नव्हते. पण त्यांचा त्या गाडीवर जीव. लढाईच्या आधीची विलायती मोटार, कुठल्याशा जमीनदाराकडून घेतलेली, बिस्किटी रंगाची. तिचा गिअर चढावर निसटायचा, कधी बसायचाच नाही, बसला तर करकरून बसायचा. मालक मागे बसून म्हणायचे, "हिसका मारतोस तू. हात जड आहे तुझा." एकदा गाडी बल्लारशाच्या बाजारात बंद पडली, चार लोक हसले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पुन्हा रस्त्यात उभी राहिली, तर स्टेशनावर तुझं साताऱ्याचं तिकीट काढून देईन." ते शांतपणे बोलले की खरं करायचे.

हात माझा जड नव्हता. गिअरची दांडी आपल्याला वरून दिसते ती अर्धी. तिचं खालचं टोक अंगठ्याएवढं असतं. ते गिअरच्या पेटीत उतरतं आणि तिथे शेजारी शेजारी दोन खाचा असतात, त्यातल्या हव्या त्या खाचेत शिरून गिअर मागे-पुढे सरकवतं. आमच्या दांडीचं टोक झिजून निमुळतं झालं होतं, शेळीने कुरतडल्यासारखं. खाचेत ते लटपटायचं. चांद्याचा मिस्त्री म्हणाला, हा भाग आता मिळत नाही, विलायतेला लिहावं लागेल. तोवर चामडं गुंडाळ. मी माझ्या जुन्या चपलेची पट्टी कापून गुंडाळली. चार दिवस बरं चाललं की पट्टी फाटायची. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "आधीच्या ड्रायव्हरची तक्रार नव्हती." मी नवी पट्टी कापली.

त्या सोमवारी मी मालकांना बल्लारशाला नागपूरच्या गाडीत बसवून एकटाच परत येत होतो. शनिवारी दुपारी ते परत येणार आणि मी गाडी घेऊन स्टेशनावर हजर असणार, असं ठरलेलं. नाल्याचा चढ लागला. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात दांडी ओढली आणि गाडीच्या पोटातून एक आवाज आला, नारळ फुटावा तसा. ते झिजकं टोक दोन्ही खाचांत एकदम अडकलं होतं. दोन गिअर एकाच वेळी बसले. गाडी जागच्या जागी गोठली. चाकं हलेनात.

मी खाली उतरून चाकाशी उभा राहिलो. तेवढ्यात नाल्यातून सोमारीबाई आणि पोचाभाऊ वर आली, डोक्यावर मातीच्या टोपल्या. बाईने टोपली उतरवली, गाडीकडे बघितलंही नाही, नवऱ्याला म्हणाली, "मी कधीची सांगून राह्यली होती ना तुले? त्या म्हशीचं आतलं काही तरी ढिलं आहे म्हून?"

"कोणती म्हैस?" मी विचारलं.

"हेच. तुयी. चढावर चालते तवा खडखड करते. होळीच्या आधी नव्हती करत. होळीनंतर करून राह्यली."

मी वळून बाईकडे बघितलं. कारण दांडी निसटायला लागली ती होळीनंतरच. मालक मागच्या सीटवर बसून जे मानत नव्हते आणि मिस्त्रीला पेटीत डोकं घालून कळलं, ते हिने घरात बसून ऐकलं होतं.

तिचा कान तसलाच होता. आसपासच्या गावांतल्या गुरांच्या घंटा तिच्याच हातच्या, आणि मुद्दामच प्रत्येकीचा आवाज निराळा, म्हणजे रानात गाय दिसली नाही तरी धन्याला कळावं. ती माती मळता मळता मान न वळवता सांगायची, "कोवाशाची कपिली आज एकटीच नाल्याकडे गेली, पोट्टा झोपला वाट्टे." आणि थोड्या वेळाने तो पोट्टा खरंच धावत यायचा, "माय, आमची गाय पायली का?"

मी वरचं झाकण खोललं, दांडी काढली, पेचकसाने आतले गिअर सोडवले. टोल्यातल्या दोन बैलजोड्या लावून गाडी मोहाच्या झाडाखाली ओढून नेली. मग ती दांडी बाईच्या हातात दिली. तिने टोकाला नख मारून दांडी कानाशी नेली.

"लोखंड चांगलं आहे. तोंड गेलं."

"करता येईल का, बाई? शनिवारी सकाळी मला निघायलाच पाहिजे. नाहीतर माझी नोकरी गेली."

"नोकरी जाते म्हंजे कुठी जाते?"

"म्हणजे मला घरी पाठवतील."

"घरी धाडणे हे तुमच्यात शिक्षा होय?" तिला खरोखरच कळेना. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने तो विषय सोडला. "बरं. हे काय करते, ते सांग आधी. काय करते हे नाई कळलं तर मी काय करू?"

मी काडीने मातीत दोन खाचा काढल्या आणि सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बुधवारी ये. तवर पाहू नको. साचा फुटेवर कोणी पाहू नये."

ते दोन दिवस मी गाडी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. टोल्यातल्या लोकांनी मला भात दिला, आंबील दिली, आणि "मोटारवाले जावईबापू" म्हणून चिडवलं. भट्टीकडे मी फिरकलो नाही.

बुधवारी दुपारी तिने माझ्या हातावर पितळेचं टोक ठेवलं. अजून कोमट होतं, नवंकोरं, सोन्यासारखं. आणि झिजलेलं! जशाचं तसं निमुळतं. एका बाजूचा खळगा, दुसऱ्या बाजूचा चरा, चामड्याच्या पट्टीने पडलेली बारीक रेघसुद्धा.

"पाह्य," ती आनंदाने म्हणाली. "एक खड्डा नाई सुटला."

मला रडू आलं, आणि रडू येतंय म्हणून राग आला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आता लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस वाया गेले, तुम्हाला काही समजत नाही, असलंच. बाईचा चेहरा बदलला नाही. तिने बोट दाखवलं. अंगणाच्या कडेला एक सपाट दगड होता.

"तिथी बस. भट्टीपाशी राग नाई आणू. पितळ फुगते."

त्या दगडाची गोष्ट मला नंतर कळली. एकदा जंगलाचा गार्ड कोळशावरून भांडायला आला होता. ऐन ओतायची वेळ. बाईने त्यालाही त्या दगडावर बसवलं: "आधी थंडा हो, मंग बोल." गार्ड बसला. कामाचा पसारा बघता बघता उठून पोचाभाऊच्या शेजारी भाता ओढायला लागला. ओतून झाल्यावर तो टोपी घालून निघाला, तर बाईनेच हाक मारली, "अगा, कोळशाचं राह्यलं ना!"

तो म्हणाला, "पडलेलंच लाकूड घेत जा."

"पडलेलंच घेते. उभं झाड पाडाले माया बापाचे हात आहेत का?"

मी दगडावर बसलो. थोड्या वेळाने ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

"आमच्या घरची रीत सांगते तुले. देवाचा घोडा जुना होते. लोक हात लावून लावून त्याचं नाक जाते, कान जाते. मंग नवा करा लागते. तवा मी नवं नाक नाई लावत. जसा झिजला तसाच करते. ते नाक लोकाच्या हातानं गेलं ना? ते पुसाचं कसं? माया सासऱ्यानं तसंच शिकोलं."

मी पाणी प्यालो. मग सावकाश म्हणालो, "बाई, हा देव नाही हो. हे तोंड झिजलं म्हणूनच तर सगळं अडलं. झिजायच्या आधीचं पाहिजे."

तिने ते टोक माझ्या हातातून घेऊन पुन्हा बघितलं. मग हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अव्वा! म्हशीच्या दुखण्याचीच मूर्ती केली मी!" आणि भात्यापाशी बसलेला पोचाभाऊ, ज्याचा आवाज मी तीन दिवसांत ऐकला नव्हता, तोही हसला. इतका की त्याला खोकला आला. आपल्या चुकीवर असं हसणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे चूक झाली की आधी कुणाची ते ठरतं.

"मंग पहिलं तोंड कसं होतं?" तिने विचारलं.

तिथेच सगळं अडलं. मला माहीत नव्हतं. मी पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हाच ते टोक झिजलेलं. नवं असताना ते कसं होतं, हे त्या अख्ख्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं.

ती मेण मळत बसली. मग एकदम म्हणाली, "मुंदी हरपली तर बोटाले वण रायते ना गा?"

"अंगठीचा? राहतो."

"हे जिथी बसते, ते बोट कुठी आहे? ते बी झिजलं का?"

खाचा फारशा झिजल्या नव्हत्या. कठीण पोलादाच्या होत्या त्या. मी झाकण उघडून तिला पेटी दाखवली. ती गाडीत चढली, त्या जुन्या गादीवर गुडघे टेकून आत डोकावली आणि तेलाने काळ्या झालेल्या त्या दोन खाचांत एकेक करून करंगळी फिरवली. मग बाहेर येऊन तिने राळ घातलेलं कडक मेण खऱ्या दांडीच्या झिजलेल्या टोकावर चढवलं, बोंडासारखं गोल. वर तेल चोपडलं. "घाल," म्हणाली.

गेलंच नाही. जाड झालं होतं. तिने नखाने खरवडलं. पुन्हा. आता गेलं, पण वळताना चिकटलं. पुन्हा काढलं. मेणावर ज्या बाजूला दाबल्याची खूण दिसे तिथे ती खरवडायची, जिथे मेण कोरडं राही तिथे चिमूटभर वाढवायची. गुरुवारचा अख्खा दिवस आम्ही तेच केलं. मी दांडी पहिल्यात टाकायची, दुसऱ्यात टाकायची, तिसऱ्यात, मागच्या गिअरात. मग वर काढायची आणि तिने मेण वाचायचं. मी घाई केली की म्हणायची, "घाई झाली का मेण रुसते." दुपारनंतर तिने आपला हात दांडीच्या मुठीवर माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. "आता टाक." मी टाकली. "डाव्या अंगाले अजून बोलते," ती म्हणाली. मला काही ऐकू येत नव्हतं. उन्हं कलली तेव्हा ती म्हणाली, "आता चूप झाली."

एक गोष्ट मात्र मी सुचवली, आणि पुढे जे झालं त्यासाठी ती सांगायलाच हवी. तिला भीती होती की पितळ गुळगुळीत लोखंडाला धरणार नाही. मी कानशीने झिजक्या टोकावर दोन खोल खोबणी पाडल्या, म्हणजे पितळ त्यात शिरून घट्ट बसेल. "हाव," ती म्हणाली, "दात पायजे त्याले." एवढंच माझं काम. मेणाचं रूप तिने पुन्हा त्यावर नीट बसवलं, लिंपलं, वाळवलं. पितळ निवताना आकसतं म्हणून अंगाने जरा जास्त ठेवलं. शुक्रवारी दुपारी ओतलं. मी भाता ओढला. या वेळी साचा फोडताना तिने मला जवळ बसवलं. "तूच फोड," म्हणाली. मी मात्र हातोडी पोचाभाऊच्या हातात दिली आणि त्याने फोडला. काळं लोखंड आणि त्याच्या टोकाला पिवळंधमक बोंड. संध्याकाळपर्यंत तिने घासून ते बसवलं.

शनिवारी सकाळी मी इंजिन सुरू केलं, दांडी पहिल्यात टाकली. हातात काही जाणवलंच नाही, दह्यात बोट घालावं तशी ती बसली. मोबदल्याचं विचारलं तर म्हणाली, पुढच्या खेपेला बाजाराच्या दिवशी रिकामा असशील तर पोचाभाऊला घंटांसकट अहेरीला सोड, त्याचे गुडघे दुखतात. आणि ती पहिली चुकीची प्रत भट्टीत टाकायला परत मागून घेतली.

मी वेळेवर स्टेशनावर होतो. मालक बसले. आष्टी मागे पडली. नदीपलीकडचा चढ लागला तेव्हा मागून आवाज आला, "आज हिसका नाही बसला."

"नाही मालक. दांडीचं टोक झिजलं होतं. नवं केलं."

"कुणी?"

आता खरं सांगतो. सांगायला एक शब्दही जड नव्हता. पण मला दिसलं ते असं: मालक म्हणतील, माझी विलायती गाडी उघडून तिचा भाग टोल्यावरच्या घंटा ओतणाऱ्या बाईकडे दिलास? तेही न विचारता? आणि मग ते स्टेशन, ते तिकीट, आणि दारात उभी आई. माझ्या तोंडून निघालं, "मीच, मालक."

त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, पुढे येऊन बसले आणि स्वतः दांडी हलवून बघितली. मग माझ्या पाठीवर थाप मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. डेपोवर पोचल्या पोचल्या त्यांनी सगळ्यांना सांगितलं. हिशेब लिहिणारा मुनशी म्हणाला, "वा रे सातारकर! उद्या मालकांना अख्खी मोटारच ओतून दे!" मी हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या टोल्यावर कितीदा तरी थांबलो. पोचाभाऊला बाजारात नेलं, आणलं. बाई गाडीचा आवाज ऐकून सांगायची, "मागच्या डाव्या पायात काही आहे," आणि असायचंच. माझं खोटं मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचो आणि ती काहीतरी विचारायची. मला बरंच वाटायचं.

मग एका थंडीत मालक गाडीत असताना नाल्यापाशी इंजिन तापलं. मी पाणी आणायला उतरलो, मालकही पाय मोकळे करायला उतरले आणि भट्टी बघून थेट तिच्या अंगणात गेले. मी बादली घेऊन धावत पोचलो तोवर ते हातात दिवा घेऊन बघत होते. खूश होते.

"सुंदर काम आहे, बाई. हा आमचा ड्रायव्हरही कमी नाही बरं. आमच्या गाडीची गिअरची दांडी यानेच ओतली. या, बघा."

आणि तिला गाडीपाशी घेऊन आले. दार उघडून दांडी दाखवायला लागले, वरचं झाकण जरा सैल करून टोक दाखव म्हणून मलाच सांगितलं. मी दाखवलं. बादलीतलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. सोमारीबाई वाकली. आपल्याच हातचं पिवळं बोंड तिने बघितलं, बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. भात उकळला का बघावं, तितकाच वेळ.

"हाव जी," ती मालकांना म्हणाली. "काम चांगलं आहे. डावीकडे घासताना थोडं जास्त घासलं त्यानं. पण हात चांगला आहे पोट्ट्याचा."

मालक हसले, दिवा विकत घेऊन मागे बसले. मी पाणी भरलं, झाकण लावलं. गाडी सुरू करायला बसलो तर ती माझ्या बाजूच्या खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं, "नोकरी राह्यली ना?"

"हो, बाई."

"मंग झालं."

आणि वळून अंगणाकडे गेली. पोचाभाऊ तिच्यासाठी भाता धरून थांबला होता. तिला मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पाठमोरी, पदर खोचत, कामाला उशीर झाल्यासारखी चालत.

पुढच्याच महिन्यात मालकांनी शिफारशीचं पत्र दिलं आणि मी नागपूरला एका मोटारीच्या कारखान्यात लागलो. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की हा माणूस स्वतः भाग ओततो. पहिल्याच आठवड्यात इथल्या मिस्त्रीने एक तुटका भाग पुढे टाकला, "ओत बघू." मी म्हणालो, त्याला निराळी भट्टी लागते, निराळी माती लागते. हे खरंच होतं. पण तिसऱ्या वेळेला मी सांगून टाकलं की मला येत नाही. कुणाला येतं, ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही. मला त्यांनी काढलं नाही. पान्याने नट आवळता येतात एवढ्यावर ठेवलं. माझ्या भीतीने मला जेवढं सांगितलं होतं, त्यातलं निम्मंही जगात कुणी करत नसावं.

हे लिहून फार काही फिटत नाही, हे मला कळतं. मालकांच्या हाती हे पडेलच असं नाही, आणि बाईला तर वाचताच येत नाही. तेव्हा हे तोंडानेच व्हायला पाहिजे, आणि मालकांसमोरच व्हायला पाहिजे, कारण खोटं त्यांच्यासमोर बोललो. मालक आता चांद्यालाच असतात, गाडी विकली म्हणतात. रजा मिळाली की आधी त्यांच्याकडे जाईन. ऐकून त्यांनी दारातून परत पाठवलं तर पाठवोत. आणि नाही पाठवलं तर म्हणेन, चला मालक, बसने जाऊ, पण चला. त्यांना त्या अंगणात नेईन आणि टोल्याच्या आठही घरांसमोर सांगेन की ती दांडी सोमारीबाईने केली, मी फक्त दोन खोबणी पाडल्या. ती "मंग झालं" म्हणेल आणि मला गप्प करायला बघेल. मी गप्प बसणार नाही. अजून गेलो नाही. पण जाईन, बाई. नक्की जाईन.